ह्रस्व उकार

“सर, मृत्यु हा शब्द जरा लिहून दाखवा.”

उपअधीक्षक हेमाडे यांनी कोरा कागद माझ्यापुढे सरकवला आणि खिशातले पेन काढून त्यावर आडवे ठेवले. खडकसरच्या पोलीस ठाण्यात मी त्याआधी एकदाच आलो होतो, शाळेची पितळी घंटा चोरीला गेली तेव्हा. त्या वेळी मला बाकावर बसवले होते. या वेळी खुर्ची दिली होती, आणि त्या खुर्चीचेच मला अधिक भय वाटत होते.

मी शब्द लिहिला. हेमाड्यांनी कागद खिडकीच्या उजेडात धरला.

“ह्रस्व,” ते म्हणाले.

“ह्रस्वच.”

“नियम दीर्घ सांगतो, सर.”

“नियम चुकीचे सांगतो. शब्द संस्कृत आहे. मूळचा उकार ह्रस्व आहे. मृत्युपत्र, मृत्युदर, मृत्युंजय लिहिताना तुमचा नियमही तो ह्रस्वच ठेवतो. मग शब्द एकटा उभा राहिला की त्याला शेपूट का फुटावे?”

हेमाडे मनापासून हसले. “स्पर्धा परीक्षेला मी मराठी वाङ्मय घेतलं होतं. दोन वर्षांत एवढी मजा आली नव्हती.” मग दाराकडे वळून त्यांनी हाक मारली, “बाबर, सरांना पाणी द्या.”

हवालदार बाबर पेला घेऊन आला. तो माझा जुना विद्यार्थी. पेला ठेवताना खाली वाकून तो हळूच म्हणाला, “घ्या सर, बाटलीचं आहे. नळाचं नाही.”

या गोष्टीला आता अकरा वर्षे झाली. त्या वेळी राज्य कोणाचे होते, हे मी सांगत नाही. ज्यांनी तो काळ पाहिला त्यांना ते ठाऊक आहे, आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांनी आपापल्या अंगणात डोकावून पाहावे. त्या वैशाखात खडकसरच्या नळांना गढूळ पाणी येऊ लागले आणि पंधरा दिवसांत घराघरांतून डोळे पिवळे झाले. कावीळ, हे शेंबडे पोरही सांगू शकले असते. पण शासनाने आदेश काढला की आजारी आणि मृत व्यक्तींचे आकडे शासकीय शिक्क्यावाचून फोनवर किंवा इंटरनेटवर कोणी प्रसिद्ध करील, तर ती अफवा समजली जाईल आणि तीन वर्षांची शिक्षा होईल. शिक्क्याचा आकडा दोन होता. कावीळ हा शब्द त्यात नव्हता.

त्याच आठवड्यात इंटरनेटवर ‘नळकोंडाळे’ नावाचे एक पान सुरू झाले. त्यावर ना घोषणा, ना शिव्या. रोज फक्त नोंदी असत: नाव, वय, प्रभाग, तारीख, आणि पुढे ‘मृत्यु, कारण: कावीळ, पाणी: नळाचे’. सरकारने ते पान बंद केले की दुसऱ्या दिवशी ते दुसऱ्या पत्त्यावर उघडे. त्या दिवशी सकाळपर्यंत त्यावर चौदा नावे होती.

“चौदा नोंदी,” हेमाडे म्हणाले. त्यांनी छापलेले कागद माझ्यापुढे पसरले. “आणि चौदाही वेळा ह्रस्व. फोनवर ‘मृ’ लिहिलं ना सर, की फोन स्वतःच दीर्घ शब्द पुढे करतो. म्हणजे या माणसानं चौदा वेळा तो नाकारून हातानं ह्रस्व लिहिलाय. चोर बोटांचे ठसे सोडतो. यानं उकार सोडला.”

त्यांनी एक वही उघडली. ग्रामीण रुग्णालयाच्या प्रयोगशाळेतली, रक्ततपासणीची. शेवटच्या रकान्याचे शीर्षक सुबक अक्षरात होते: ‘मृत्यु’. ते अक्षर मी ओळखले. सहा वर्षे मी ते तपासले होते.

“कल्याणी डवरी,” ते म्हणाले. “तुमचीच विद्यार्थिनी. काल ताब्यात घेतली. आज पाच वाजता न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभी करायचीय. भाषातज्ज्ञ म्हणून तुमचा एक दाखला हवा: दोन्ही लेखन एकाच व्यक्तीचं आहे.”

“आणि दाखला नसला तर?”

“तर हातात काही राहत नाही. तिचा फोन कोरा निघाला. सोडावी लागेल.” ते पुढे झुकले. “पण मी तुम्हाला बोलावलं ते का, माहीत आहे? सगळं गाव सांगतं, बोंद्रे सर वेलांटीसाठी सख्ख्या भावाशी भांडतील, पण खोटं लिहिणार नाहीत.”

मी कागद वाचू लागलो. वाचता वाचता कानशिले तापली. अर्धविराम जिथे हवा तिथे होता. विशेषण एकही नव्हते. नोंद जिथे संपायला हवी तिथेच संपत होती. हे गद्य माझ्या वर्गातून उठून गेले होते. मला त्याचा अभिमान वाटला, आणि अभिमान वाटल्याची भीती वाटली.

“आणखी एक,” हेमाडे म्हणाले. “राज्याची शुद्धलेखन समिती नव्यानं बसतेय. तुमचं नाव मी सुचवू शकतो. ह्रस्व उकाराचं म्हणणं तिथं मांडा. एकोणीस पत्रं पाठवलीत म्हणे तुम्ही परीक्षा मंडळाला?”

पाठवली होती. एकाचेही उत्तर आले नव्हते. सव्वीस वर्षे मी खडकसर विद्यालयात मराठी शिकवले आणि दर वर्षी पहिल्याच आठवड्यात फळ्यावर तो शब्द लिहून वर्गाला बजावले, “पोरांनो, मृत्यु लांबवायचा नसतो!” वर्ग हसे, आणि जे हसले ते विसरत नसत. जो दीर्घ लिही, त्याच्याकडून मी शंभर वेळा ह्रस्व लिहून घेई.

“चार वाजता लेखी देतो,” मी म्हणालो. “त्याआधी मुलीला पाहू द्या.”

कल्याणी मागच्या खोलीत लाकडी बाकावर बसली होती. मला पाहताच ती उठून उभी राहिली, वर्गात उठे तशी.

“सर, तपासायला तुम्हाला बोलावलं? लाल पेन आणलंय ना?”

“बस.”

“किती चुका निघाल्या?”

“एकही नाही.”

“मग पहिल्यांदाच!” ती हसली. हसताना तिचे ओठ फुटलेले दिसले. वैशाखाच्या उन्हाने की आणखी कशाने, ते मी विचारले नाही. मग ती गंभीर झाली. “सर, माझ्यासाठी खोटं लिहू नका हं. तुम्हाला जमायचं नाही, आणि हा माणूस लगेच ओळखील. हुशार आहे.”

“हे तू लिहिलेस का, असे मी तुला विचारणार नाही.”

“मीही सांगणार नाही. तुम्ही खरं बोलता ना, म्हणून.”

दुपारी मी घरी जेवायला बसलो. विमलने सगळे ऐकून घेतले आणि ताटात भात वाढता वाढता म्हणाली, “अहो, एवढा कसला विचार? उकार चुकीचा आहे म्हणून लिहून द्या आणि मोकळे व्हा.”

“अगं, तो चुकीचा नाही!”

“पुस्तकात काय आहे?”

“पुस्तकात दीर्घ आहे. पुस्तक चुकले आहे.”

“बरं. पुस्तक चुकलं, मंडळ चुकलं, सरकार चुकलं.” तिने पातेले खाली ठेवले. “पेपरात दर वर्षी पोरांचा गुण गेला तो त्यांचा. तुमचं काय गेलं हो? लग्नाला चौतीस वर्षं झाली, ‘माझं चुकलं’ हे तुमच्या तोंडून मी एकदाही ऐकलेलं नाही. त्या पोरीला तीन वर्षं आत बसवाल, पण उकार सोडणार नाही.”

मी हात धुतला आणि बाहेर पडलो. कुठे जायचे ते ठरले नव्हते. उन्हात रस्ता ओस पडला होता. बाजाराच्या तोंडाशी सादिक मुजावरचे फोटोफ्रेमचे दुकान तेवढे उघडे होते, म्हणून सावलीला त्याच्या पायरीवर टेकलो.

सादिक काच पुसत होता. त्याच्यामागे भिंतीला टेकवून नव्या तसबिरी वाळत ठेवल्या होत्या, एकीला लागून एक. म्हातारी माणसे होती, एक लेकुरवाळी बाई होती, शाळेच्या गणवेशातली एक मुलगी होती. प्रत्येकीच्या खाली पांढऱ्या पट्टीवर नाव, आणि काळ्या रंगात दोन तारखा. जन्माच्या तारखा वेगवेगळ्या होत्या. दुसरी तारीख प्रत्येकीची त्याच महिन्यातली.

“किती झाल्या?” मी विचारले.

“सतरा.” त्याने मान वर केली नाही. “लोक म्हणतात, फुलं नको, वेलबुट्टी नको. नाव आणि तारीख घाल, म्हणजे कुणी नाही म्हणायला नको.”

“पट्ट्या कोण लिहितो?”

“मीच. का सर, काही चुकलं?”

मी उठून जवळ गेलो, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. जन्म, आणि त्याखाली मृत्यु. सतराही पट्ट्यांवर ह्रस्व.

“चुकेल कसं?” सादिक म्हणाला. “आठवीत शंभर वेळा लिहून घेतलंत. अजून ब्रश हातात घेतला की तुमचा आवाज येतो. लांबवू नका!”

मी पायरीवर परत बसलो. मग उठलो आणि नगरपालिकेपर्यंत चालत गेलो. दाखल्यांच्या खिडकीवर पाटी होती, ‘जन्म-मृत्यु नोंदणी’. रंगवणारा दिगंबर चव्हाण, माझाच जुना विद्यार्थी. गावातल्या असल्या पाट्यांवरून मी वर्षानुवर्षे येत-जात होतो, आणि दर वेळी मनातल्या मनात मंडळाला टोला लगावीत होतो. त्या दिवशी मी त्या प्रथमच वाचल्या.

घरी जाऊन दोन पाने लिहिली. पहिले वाक्य लिहायला पाऊण तास लागला. बाकी सारे दहा मिनिटांत झाले.

चार वाजता हेमाडे माझी वाट पाहत होते. टेबलावर शिक्का आणि शाईची गादी तयार होती. त्यांच्यामागे भिंतीवर ठाण्याचा काळा फळा होता, महिन्याच्या गुन्ह्यांचे आकडे लिहिलेला. सकाळीही तो तिथेच होता.

“मोठ्याने वाचता का?” ते म्हणाले. “बाबर, साक्षीला थांबा.”

मी उभा राहिलो. उभे राहिल्याशिवाय मला वाचता येत नाही.

“‘दोन्ही लेखनांत मृत्यु हा शब्द ह्रस्व उकाराने लिहिलेला आहे. प्रचलित नियमांनुसार हे लेखन अशुद्ध आहे;’”

बाबरच्या हातातली पाण्याची बाटली खाली पडता पडता राहिली. हेमाड्यांनी भुवया उंचावल्या. “सर, हे तुम्ही लिहिलंत?”

“वाक्य अजून संपलेले नाही. पुढे अर्धविराम आहे.” मी वाचू लागलो. “‘ही अशुद्धी माझी आहे. सव्वीस वर्षांत खडकसर विद्यालयात माझ्या हाताखालून गेलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला मी ती आग्रहाने शिकवली. ज्यांनी नियमाप्रमाणे लिहिले, त्यांना शिक्षा केली. हजेरीपटांनुसार अशा विद्यार्थ्यांची संख्या तीन हजार एकशे बारा आहे. ती माणसे आज या गावात शेती करतात, दुकाने चालवतात, पाट्या रंगवतात, कचेऱ्यांत नोकरी करतात, आणि मृत्यु ह्रस्व लिहितात. म्हणून या उकारावरून लेखक कोण हे ओळखता येत नाही. ओळखता येतो तो केवळ शिक्षक. संशयितांची यादी करावयाची असल्यास पहिले नाव माझे घालावे. पुरावा म्हणून अन्यत्र जाण्याची गरज नाही. उपअधीक्षकांनी मागे वळून याच ठाण्याचा फळा पाहावा.’”

हेमाडे सावकाश वळले.

फळ्यावर खडूने लिहिले होते: खून, दरोडा, घरफोडी. आणि सगळ्यांत खाली, नेटक्या अक्षरात, ‘अकस्मात मृत्यु’.

हेमाड्यांनी त्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवले.

“हे कुणी लिहिलं?”

“मी, साहेब,” बाबर म्हणाला.

“बोंद्रे सरांचे विद्यार्थी?”

“होय साहेब. तुकडी ब.”

“दीर्घ करा.”

बाबरने खडू घेतला. फळ्यापाशी गेला. उकारावर हात नेला आणि तसाच उभा राहिला. मी त्याला आठवीत कधी इतका सरळ उभा पाहिला नव्हता.

“शंभर वेळा लिहिलंय साहेब,” तो फळ्याकडे पाहतच म्हणाला. “हात वळत नाही.”

हेमाड्यांचा चेहरा प्रथमच कठोर झाला. ते बाबरला काही बोलले नाहीत, माझ्याकडे वळले. “सर, तुम्हालाही माहीत आहे, ते पान तिनंच लिहिलंय.”

“मला तुम्ही उकाराबद्दल विचारलेत. उकाराबद्दल मला जे माहीत आहे ते मी लिहिले. माझा अंदाज तुम्ही मागितला नाही, आणि मागाल तर अंदाजावर मी सही करीत नाही. यातले एक अक्षर खोटे दाखवा, मी कागद फाडतो.”

“पहिल्या संशयिताच्या जागी स्वतःचं नाव घातलंत, ते विचार करून?”

“अर्धविरामदेखील विचार करूनच दिला आहे.”

“समितीवरची जागा विसरा आता.”

“तिथे जाऊन सांगणार काय? अशुद्ध आहे हे मी लिहून दिले. आता माझ्या म्हणण्याला तिथे पाट कोण देणार?”

सव्वीस वर्षांचा दावा मी स्वतःच्या अक्षरात बुडवला होता, आणि खाली सही केली होती.

त्या संध्याकाळी न्यायदंडाधिकाऱ्यांनी माझा कागद दोनदा वाचला आणि कल्याणीला सोडून दिले. कचेरीच्या आवारात ती माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

“सर, बाबर काका म्हणाले, तुम्ही अशुद्ध लिहून दिलंत? स्वतःच्या हातानं?”

“दिले.”

“दुखलं?”

“फार.”

तिने वाकून नमस्कार केला. मी तिला बजावले की रस्त्यात असले नाटक करू नये. गावातले सगळे पाहत आहेत. “पाहू देत की,” ती म्हणाली.

पाहिलेच लोकांनी. दुसऱ्या दिवशी सकाळी एकट्या ‘नळकोंडाळ्या’वर नव्हे, तर शेकडो लोकांच्या फोनवर तीच नोंद निघाली, सतराही नावांची. वकिलांनी लिहिली, दूधवाल्यांनी लिहिली, माझ्याकडे कधीच न शिकलेल्यांनीही लिहिली. आणि प्रत्येकाने फोनने पुढे केलेला दीर्घ शब्द नाकारला होता. ज्याला आयुष्यात कधी वेलांटी-उकार धड आला नव्हता, अशा माणसाचाही तो एक उकार त्या दिवशी बिनचूक चुकला.

मग वरच्या कचेरीने शहाणपणा केला. ह्रस्व उकाराचा ‘मृत्यु’ ज्या मजकुरात असेल तो आपोआप अडवावा, असा हुकूम निघाला. त्यामुळे वकिलांची मृत्युपत्रे अडली. रुग्णालयाचा मृत्युदर अडला. सत्ताधारी पक्षाच्या तालुकाध्यक्षांनी गावाच्या आरोग्यासाठी महामृत्युंजय जपाची जाहिरात टाकली होती, तीही अडली. आणि ते तणतणत ठाण्यात गेले. बाबरने म्हणे त्यांना अत्यंत आदराने समासाचा नियम समजावून सांगितला. चार दिवसांत हुकूम मागे घ्यावा लागला. त्याच आठवड्यात नळाचे पाणी बंद होऊन टँकर आले, जिल्ह्याहून डॉक्टर आले, आणि शिक्क्याच्या कागदावर कावीळ हा शब्द प्रथमच उमटला.

याची किंमत मोजावी लागली. बाबरची बदली जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला झाली. मला ठाण्याबाहेरच्या बाकावर नऊ दिवस दहा ते पाच बसवून ठेवले; त्या बाकाला आता मी सरावलो होतो. कल्याणीच्या दारात एक शिपाई बसला, आणि ‘नळकोंडाळे’ थांबले.

नवव्या दिवशी मी घरी आलो तेव्हा विमल दारात उभी होती. म्हणाली, “धोंडिबा गेला.”

धोंडिबा सुतार आमच्या शाळेचा शिपाई. एकतीस वर्षे त्याने ती घंटा वाजवली. घंटा चोरीला गेली तेव्हा तो लोखंडी रुळाच्या तुकड्यावर हातोडी मारून वेळ राखीत असे, आणि मिनिटाची चूक होत नसे.

“ते पान तर बंद आहे,” विमल म्हणाली. “त्याचं नाव कोण लिहिणार?”

“तुझा फोन दे,” मी म्हणालो. “त्यावर माझ्या नावाने काय ते उघडून दे. टोपणनाव नको. दत्ताराम केशव बोंद्रे, पूर्ण.”

तिने माझ्याकडे क्षणभर पाहिले. मग शेजारी बसली आणि मला अक्षरे कुठे आहेत ते दाखवू लागली. माझे बोट जाड. एका अक्षराला तीन वेळा दाबावे लागे. धोंडिबा सुतार, वय एकाहत्तर, प्रभाग तीन. तारीख. मग मी ‘मृ’ लिहिले, आणि हेमाडे म्हणाले होते तसेच झाले: फोनने आपणहून पुरा शब्द पुढे केला, दीर्घ, नियमाप्रमाणे शुद्ध.

“दाबा त्याच्यावर,” विमल म्हणाली. “आयता आलाय.”

ह्रस्व अशुद्ध आहे, हे मी लिहून दिलेले होते. खाली सही होती, शिक्का होता, आणि आजही तो कागद कुठल्यातरी कपाटात असेल.

मी तो आयता शब्द नाकारला आणि शेवटचा उकार हाताने लिहिला.